पॅरामेडिकलच्या मुलांचे तास हजेरीपटावर नकोत, रुग्णालयात मोजा

प्रति,
माननीय मंत्री,
लोकस्वास्थ्य व वैद्यकीय शिक्षण विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

नीटचा निकाल लागला की इंदूरात राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरच्या मराठी घरांतून आम्हाला हमखास विचारलं जातं, "नंबर नाही लागला, आता पॅरामेडिकल करू द्यावं का?" धार, झाबुआ, अलिराजपूर, बडवानीहून इथे येणाऱ्या मुलांचे आईवडीलही हेच विचारतात. करू द्या, असंच आम्ही सांगतो. प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, डायलिसिस, शस्त्रक्रियागृह या सगळ्या ठिकाणी डॉक्टरांचा निर्णय तंत्रज्ञाच्या कामावर उभा असतो. पण त्या मुलांना आपण नक्की काय शिकवतो, हे आता आम्हाला तुम्हाला विचारायचं आहे.

संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यात तंत्रज्ञाच्या डिप्लोमा-पदवीला किमान 2000 तास, दोन ते चार वर्षांत, अशी अट आहे. आठवड्याला 25 तास, वर्षाला 40 आठवडे धरले तर दोन वर्षांत ते भरतात. त्यातले किती तास रुग्णाजवळ गेले, हे मात्र हजेरीपट सांगत नाही. वर्गात बसून 2000 तास भरलेला मुलगा आणि वॉर्डात हात बसलेला मुलगा, दोघांच्या हाती प्रमाणपत्र एकच पडतं.

साधं रक्त काढायचं उदाहरण घ्या. दंडाला पट्टा बांधला की तो मिनिटाच्या आत सोडायला हवा. जास्त वेळ आवळून ठेवला तर रक्तातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं आणि प्रथिनं, कॅल्शियम, पेशी खोट्याच वाढलेल्या दिसतात. रुग्णाला मूठ सारखी उघड-मीट करायला लावली की पोटॅशियम वाढतं. मग नळ्यांचा क्रम. प्रत्येक नळीत वेगळं रसायन असतं आणि आधीच्या नळीतलं पुढच्या नळीत जाऊ नये म्हणून तो पाळायचा. ब्लड कल्चर आधी, नंतर निळ्या झाकणाची सायट्रेटची, सीरमची लाल किंवा पिवळी, हिरवी हेपॅरिनची, जांभळी ईडीटीएची आणि शेवटी करडी फ्लोराइडची. जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं. त्याचा अंश सीरमच्या नळीत गेला की पोटॅशियम खोटं चढतं, आणि ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवत असल्यामुळे कॅल्शियम खोटं उतरतं. रसायनशास्त्र समजून शिकलेली मुलगी हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहताच नमुना पुन्हा मागवते. ज्याने फक्त झाकणांचे रंग पाठ केलेत, तो रिपोर्ट वर पाठवून देतो आणि वॉर्डात प्रत्यक्षात न वाढलेल्या पोटॅशियमवर उपचार सुरू होतात.

निळी नळीही तशीच दगा देते. तिच्यात 0.3 मिली सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, असतं आणि त्यावर 2.7 मिली रक्त लागतं, म्हणजे नऊला एक. शीर सापडली नाही म्हणून 2 मिलीवर भागवलं की आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, खोटा वाढतो. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचा डोस मग विनाकारण कमी होतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. ही चूक कोणत्याही यंत्रावर दुरुस्त होत नाही, कारण ती नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते.

आपल्या पश्चिम भागासाठी सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, शिक्षण याहूनही तातडीचं आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला झाली. सोल्युबिलिटी या झटपट चाचणीत द्रावण गढूळ होऊन मागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर या आजाराचं सदोष हिमोग्लोबिन एस आहे एवढंच कळतं. मूल वाहक आहे की आजारी, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्यांशिवाय ठरत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. फार रक्तक्षय असेल तरीही तेच. नुकतंच रक्त चढवलेल्या रुग्णाचा निकालही फसवा असतो. तंत्रज्ञाने हे तीन प्रश्न विचारले नाहीत, तर आजारी बाळ निरोगी म्हणून घरी जातं.

डायलिसिसचंही बघा. मिनिटाला 500 मिली द्रावण, चार तास, म्हणजे एका रुग्णामागे 120 लिटर, आणि त्यात बहुतेक पाणीच. इंदूरला पाणी जलूदहून, नर्मदेचं येतं आणि पिण्यासाठी त्यात क्लोरीन असतंच. ते काढणारा कार्बन फिल्टर थकला तर क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीनचंच एक संयुग, डायलिसिसच्या पडद्यातून रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक पाळीआधी पाणी शुद्ध करणारं संयंत्र पंधरा मिनिटं चालवून, कार्बननंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या वर नाही ना, हे तपासायचं असतं. ही तपासणी विद्यार्थ्याने स्वतः केलेली असावी, एवढी अपेक्षा काही जास्त नाही.

आमचं मागणं असं. पहिलं सत्र सगळ्या शाखांना समान असू द्या. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, रसायनशास्त्र, डोसाचं आणि पातळ करण्याचं गणित, संसर्गनियंत्रण शिकवा. प्रवेशाच्या दिवशीच हेपॅटायटिस बीची लस सुरू करा. तिचे डोस शून्य, एक आणि सहाव्या महिन्यात असतात, म्हणजे सत्र संपताना लसीकरण पुरं होतं. मग महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा आणि त्या मिलिलिटरमागे किमान 10 मिली-इंटरनॅशनल युनिट आल्यावरच मुलांच्या हातात सुई द्या. सुई टोचली तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि एचआयव्हीची औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करायची, हेही पहिल्याच महिन्यात शिकवा. आजही कित्येक मुलांना हे अपघात झाल्यावर कळतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या सत्रापासून प्रत्येकाकडे लॉगबुक हवं. प्रयोगशाळेच्या मुलाने देखरेखीखाली किमान 50 वेळा शिरेतून रक्त काढावं, त्यात काही लहान मुलं आणि वृद्ध असावेत. किती नमुने नाकारले आणि का, त्याचीही नोंद व्हावी. सही प्राचार्यांची नको, त्या टेबलाशी उभ्या असलेल्या वरिष्ठ तंत्रज्ञाची हवी. आणि पुस्तकं हिंदीत द्या. एमबीबीएसची हिंदी पुस्तकं ऑक्टोबर 2022 मध्येच आली, आमची मुलं अजून फोटोकॉपीच्या नोट्सवर आहेत.

ज्या संस्थेचं स्वतःचं रुग्णालय नाही, तिने कोणत्या रुग्णालयात, किती खाटांवर, आठवड्याला किती तास मुलं पाठवली, हे प्रवेशाआधी संकेतस्थळावर जाहीर करावं, असा आदेश येत्या प्रवेशसत्रापूर्वी काढावा. आईवडिलांनी शुल्क भरण्याआधी ते वाचलेलं असावं.

आपले नम्र,
इंदूरमधील काही प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ आणि पॅरामेडिकल शिक्षक