अर्जाची पोच कोण देणार?

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या जांबोटी भागात रानडुकरांचा उपद्रव वाढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. तिचं शेवटचं वाक्य होतं : ‘शेतकऱ्यांनी नुकसानीचे अर्ज वेळेत करावेत.’ त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो. मी ३४ वर्षं टपाल वाटलं, आता अडीच एकरात भात करतो. कुणी कागद दिला-घेतला म्हटलं की माझं लक्ष आधी पोचपावतीकडे जातं. जुनी खोड आहे, जात नाही.

गेल्या सुगीत, कापणीला आठवडा असताना, एका रात्रीत आठ गुंठे भात आडवं झालं. वरच्या बांधाला गव्याचे खूर होते, खाली डुकरांनी लोळण घेतलेली. माळ्यावर पुतण्या होता. त्याने डबा वाजवला, फटाके लावले, पण गवा काय फटाक्याला भीक घालतो? सकाळी फोटो काढले, उतारा, आधार, पासबुकाची झेरॉक्स जोडली. अर्ज कानडीत. मला कानडी बोलता येतं, वाचायला अडखळतो, म्हणून तो झेरॉक्सवाल्या पोराकडून ५० रुपये देऊन भरून घेतला. ‘नुकसान कशामुळे’ या रकान्यात त्याने काय लिहिलं ते मला आजही ठाऊक नाही.

कचेरीत कागद घेतला, पोच दिली नाही. ‘साहेब येऊन बघतील.’ साहेब आले तेव्हा भात झोडून, पिंजर रचून झालं होतं. बांधावर उभं राहून ते म्हणाले, “मोकाट गुरं असतील.” खुरांचे ठसे तोवर पावसाने केव्हाच धुवून नेले होते.

दिवाळीत भाचीचा न्यू जर्सीहून फोन आला, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “मामा, आमच्याकडे हंसांचं हेच आहे.” मला वाटलं चेष्टा करते. आपल्याला हंस म्हणजे गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर थंडीत उतरणारे पट्टेरी डोक्याचे पाहुणे. त्यांच्यामुळे त्या तळ्याला २०२४ मध्ये रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. तिकडे मात्र कॅनडा हंसाचे कळपच्या कळप वर्षभर मुक्काम ठोकून असतात. हिरवळ खातात, तळ्याकाठी घाण करतात, शेतात उतरतात. पक्षी १९१८ च्या कायद्याने संरक्षित, त्यामुळे हात लावायची सोय नाही. म्हणून २००६ पासून नियम असा आहे की जमीनमालकाने दरवर्षी संगणकावर फुकट नोंदणी करायची, मग १ मार्च ते ३० जूनपर्यंत घरट्यांतल्या अंड्यांचा बंदोबस्त करायचा आणि अंडी असलेली किती घरटी नष्ट केली तो आकडा ३१ ऑक्टोबरच्या आत सरकारला कळवायचा. अंडी फोडत नाहीत, त्यांना मक्याचं तेल फासतात. फोडली तर मादी पुन्हा घालते. तेल लावलं की आत हवा जात नाही आणि ती बिचारी तशीच उबवत बसते. आमच्या घरात हे ऐकून ‘शिव शिव’ झालं. तो विषय वेगळा.

मला नवल वाटलं ते कागदाचं. तिकडच्या कायद्याप्रमाणे असा फॉर्म काढण्याआधी तो भरायला माणसाला किती वेळ लागेल याचा अंदाज खात्याला जाहीर करावा लागतो. त्यावर लोकांचं म्हणणं ६० दिवस मागवतात. तो अंदाज फॉर्मवर छापतात, आणि फॉर्म वापरायच्या परवानगीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. पुढे चालवायचा तर पुन्हा विचारायचं. फॉर्मवर मंजुरीचा चालू क्रमांक नसेल, तर तो भरला नाही म्हणून दंड करता येत नाही! माझे बस, झेरॉक्स, रांग मिळून दोन दिवस गेले. ते कुठल्या रकान्यात लिहू?

आकडे आणि पुरावे नीट ठेवले नाहीत की दोष भलत्याच्या माथी बसतो. २००९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये विमानाच्या इंजिनांत हंस घुसले, विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, १५५ जण वाचले. सगळे तिथल्याच हंसांवर घसरले होते. इंजिनात सापडलेली पिसं तपासली तेव्हा ते कॅनडातल्या लॅब्राडोरकडून आलेले स्थलांतरित निघाले. तिथे पिसांची साक्ष काढली, इथे खुराचा ठसा बघायला वेळेत माणूस येत नाही, आणि गव्याच्या खात्यावरचं नुकसान शेजाऱ्याच्या म्हशीच्या नावावर जातं. त्यावरून गावात दोन घरं महिनाभर बोलत नव्हती.

गवे मारा असं मी म्हणत नाही. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या यादीतला प्राणी आहे आणि रान त्याचंही आहे. मागणी साधी आहे. अर्ज घेतला की तारीख-शिक्क्याची पोच द्या. पाहणी पीक उभं असताना करा. वर्षाअखेर कुठल्या गावातून किती अर्ज आले, किती मंजूर झाले, कशाने नुकसान झालं, याची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि तो अर्ज कानडीच्या जोडीला मराठीतही छापा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे. खानापूर तालुक्यात मराठी वापरात आहे की नाही, हे कुणी एखाद्या रविवारी बाजारात उभं राहून ऐकावं.

आपल्याला एक विनंती. त्या अर्जातला रकाना न् रकाना मराठीत करून एकदा अंकात छापा. कात्रण मी झेरॉक्सच्या दुकानात चिकटवतो, पोराला सांगून ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव