तंबूत झोपायचं वय

पुणे, ५ डिसेंबर

प्रिय आई आणि बाबा,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता तंबूत झोपायचं आमचं वय राहिलं नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. भंडारदऱ्याची ती रात्र वाईट गेली, पण त्यात तुमच्या वयाचा काही दोष नव्हता. अंथरूण चुकीचं होतं, आणि ते मी आधी बघायला हवं होतं.

कॅम्पवाल्यांनी दोन बोटं जाडीची गादी आणि एकेक स्लीपिंग बॅग दिली, आणि मी ती मुकाट्याने घेतली. रात्री तीनला जाग आली तर आई गाडीच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेली. सकाळी बाबांना उठताच येईना. आधी तंबूची काठी धरली, ती वाकली. मग तुम्ही हात-गुडघे टेकून रांगत बाहेर आलात आणि माझ्या खांद्याचा आधार घेतलात. तुमच्या अंगठीत ओली माती अडकली होती. ती अजून डोळ्यांसमोर आहे.

आपण पुन्हा तिथे जाऊ तेव्हा असं होऊ नये, म्हणून तेव्हापासून मी यातल्या जाणत्यांना विचारलं, वेगवेगळी अंथरुणं मागून आणली आणि एकेका रात्री गच्चीवर त्यांच्यावर झोपून बघितलं. पहिली गोष्ट कळली ती ही, की तंबूत थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. जमीन अंगातली ऊब रात्रभर ओढून घेत राहते. स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी पाठीखालचं भरण दबून जातं आणि तिथे ऊब राहत नाही. म्हणून अंगाखालच्या मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा बघायचा. तो जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी. एकावर एक दोन मॅट टाकल्या तर दोन्ही आकड्यांची बेरीज होते.

बाबा, तुमच्यासाठी फोल्डिंग कॉट घेतली आहे, ४५ सेंटिमीटर उंचीची. वीतभर उंचीच्या बसक्या कॉटही मिळतात, पण त्यावरून उठणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरूनच उठणं. तुमच्या गुडघ्यांना ते नको. कॉटखालून गार हवा खेळते, म्हणून वर फोमची मॅट आणि त्यावर आजीची गोधडी घालायची. कॉटच्या पायांनी तंबूचा तळ फाटू नये म्हणून खाली जुनी सतरंजी अंथरू.

आई, तुझं दुखणं कमरेचं, आणि तू कुशीवर झोपतेस. कॉटच्या कापडाला झोळ येतो, तो तुला सोसणार नाही. तुझ्यासाठी आत फोम असलेली, झडप उघडली की आपोआप फुगणारी १० सेंटिमीटरची गादी आहे. ती टणक फुगवायची नाही. कुशीवर झोप आणि खुब्याखाली हात घालून बघ: खुबा थोडा रुतायला हवा, पण जमिनीला टेकायला नको. गारठ्यात आतली हवा आकसते आणि गादी सैल पडते, म्हणून जेवण झाल्यावर, पाठ टेकायच्या आधी एकदा हवा बघायची. दोघांसाठी एकच मोठी हवेची गादी घ्यावी असंही मनात आलं होतं. पण एकाने कूस बदलली की दुसरा हलतो, आणि आतली हवा गार पडली की पाठही गार पडते. ती नकोच. उशा मात्र घरच्याच घ्या, आणि आई, गुडघ्यांच्या मध्ये ठेवायला तुझी छोटी उशीही घे.

तंबू या वेळी उभं राहता येईल असा आहे. बाबांना सगळ्या खिडक्या घट्ट लावून घ्यायची सवय आहे, पण वरची जाळी उघडीच ठेवायची. नाहीतर श्वासातली वाफ कापडाला लागून पहाटे अंथरुणावर ठिबकते. कितीही थंडी असली तरी निखाऱ्यांची शेगडी आत आणायची नाही; निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतल्या माणसाला ते कळत नाही. आईच्या पायांशी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी देईन. बाबा, तुम्हाला देणार नाही. मधुमेहामुळे तुमच्या तळपायांना चटका कळत नाही, त्यामुळे तुम्हाला कोरडे लोकरी मोजे आणि कानटोपी.

रात्री उठावं लागतंच, त्यात संकोच कसला? तंबू स्वच्छतागृहाच्या जवळ लावू. तंबूच्या दोऱ्यांना पांढरी फडकी बांधीन, म्हणजे पाय अडकणार नाही. डोक्याला लावायची बॅटरी दोघांच्या उशाशी असेल.

हे सगळं एवढ्यासाठी, की पहाटे जलाशयावर धुकं असताना तुम्ही दोघं झोप झालेली, ताजी असावीत. बाबा, तुमची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. १९२६ साली पूर्ण झालेलं ते विल्सन धरण तुमच्याकडून समजून घ्यायचं होतं, पण त्या सकाळी तुम्ही कंबर धरून गाडीत बसलात आणि आपण सरळ घरी आलो. ते राहूनच गेलंय.

कॉट आणि गादी गुरुवारपर्यंत नाशिकला पोचेल. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री हॉलमध्ये त्यावरच झोपा, पलंगावर नको. बाबा, कॉटवर बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकतात का आणि कशालाही न धरता उठता येतं का, तेवढं बघा. रविवारी सकाळी फोन करते. "ठीक आहे" म्हणून सोडून देऊ नका. कुठे टोचलं, कुठे गार लागलं ते सांगा. परत करायला आठ दिवस आहेत, दुसरं आणता येईल.

तुमची,
मनू