टेबलावर ठेवलेली सँडल

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

काल रात्री आमच्या साल्सा क्लासची पार्टी होती. ३ इंची टाचांच्या सँडल घालून मी जवळजवळ दीड तास नाचले. घरी आले, पाय गार पाण्याच्या बादलीत सोडले आणि एकदम रडू फुटलं. नवरा धावत आला, "काय गं, परत मोडलं का?" म्हटलं, नाही रे, डॉक्टरांना पत्र लिहायचंय.

तुम्हाला रोज इतके पाय दिसतात, म्हणून आठवण करून देते. उजवा पाय, वय ४९, अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढा उंचवटा. त्याला 'बनियन' म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्या घरी बनियन दोरीवर वाळत असतात! पुढे मात्र हसू आलं नाही. साल्सात गिरकी घेताना सगळं वजन चवड्यावर येतं आणि नेमकं तिथेच सुरा खुपसल्यासारखं व्हायचं.

तुमच्याआधी दोघांना दाखवलं होतं. पहिल्यांनी मोजा काढायलाही सांगितलं नाही. "या वयात उंच टाचा कशाला? नाचायचंच असेल तर गरब्यात नाचा, अनवाणी." हे सांगण्याची फी घेतली. दुसऱ्यांनी एक्स-रे पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि "फॅशनची फळं" म्हणून मोकळे झाले. अहो, माझ्या आईने जन्मात कधी उंच टाचेची चप्पल घातली नाही. तिचाही अंगठा असाच वाकडा होता. शेजारचं बोट त्यावर चढलं, तेव्हा तिला जोडवी काढून ठेवावी लागली होती. तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत, "घरात आणखी कुणाला?"

आणि मग ती सँडल. ती मी पिशवीत, ओढणीत गुंडाळून आणली होती, दाखवायचा धीर होत नव्हता. तुम्ही पिशवीकडे बघून म्हणालात, "आणलंय ते काढा की." तुम्ही टेबलावर पेपर पसरलात, त्यावर माझी सँडल ठेवलीत. पादत्राण, टेबलावर! माझ्या आईने घर डोक्यावर घेतलं असतं. मी "अहो, खाली ठेवा" म्हणेपर्यंत तुम्ही ड्रॉवरमधून पट्टी काढून टाच मोजलीत, सँडलच्या तळाला लावलेलं स्वेड, म्हणजे मऊ चामडं, बोटाने चाचपलंत आणि विचारलंत, "गिरकी कुठल्या पायावर घेता?" मला उभं राहून दाखवायला लावलंत. बाहेर रांग होती, दार अर्धवट उघडं होतं, आणि मी साडी सावरत तुमच्या केबिनमध्ये एक-दोन-तीन, पाच-सहा-सात करत होते.

नंतर केसपेपर हातात पडला. बाकी सगळं तुमचं डॉक्टरी अक्षर, औषधवाल्यालाच कळणारं. पण तक्रारीच्या जागी एक ओळ स्वच्छ मराठीत होती: 'नाचायचं आहे. टाच ३ इंच.' ती ओळ मी रिक्षात दोनदा वाचली. वर्षभर मला कुणी ना कुणी सांगत होतं की माझं दुखणं म्हणजे माझी हौस. तुम्ही हौसच कागदावर घेतलीत, रक्तदाबाच्या आकड्याशेजारी.

ऑपरेशनचं काय सांगायचं, हाड कापून सरळ बसवलं, दोन स्क्रू घातले, ते तुम्हीच केलंत. टाचेवर चालायचा तो बूट घालून ६ आठवडे बदकासारखी फिरले. व्यायाम म्हणून मी पायाच्या बोटांनी गोट्या उचलायचे, तेव्हा लेक व्हिडिओ काढायची. सूज तर पाच महिने हटेना. पण तुम्ही गोड बोलून फसवलं नव्हतंत. "पूर्वीसारखा होईलच असं नाही सांगत. पुन्हा वाकडाही होऊ शकतो. सँडल नाचापुरती, लग्नाकार्यात मिरवायला नाही." म्हणूनच अकराव्या महिन्यात 'आता घाला' म्हणालात, तेव्हा विश्वास बसला.

माणूस चांगला असला की त्याच्या आसपासचेही तसेच होतात की काय कोण जाणे. तुमचे कंपाउंडर काका मला "या, नाचणाऱ्या ताई" म्हणतात, पण त्यात टोमणा नसतो. ड्रेसिंग करणाऱ्या मावशी प्रत्येक वेळी आधी हात चोळून ऊब आणायच्या, मग पायाला लावायच्या. हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि बिलातही येत नाही.

काल सँडल घालून गेलेच, पण रिक्षात अनवाणी बसले होते, हेही कबूल करते. डाव्या पायातही थोडी कुरकुर सुरू झालीय. पुढच्या महिन्यात दाखवायला येते. लेक म्हणते पेढे ने, पण काका म्हणाले तुमची साखर वाढलीय. म्हणून भाजक्या पोह्यांचा चिवडा आणते, शेंगदाणे जास्त घालून.

आपली,
३ इंचवाली पेशंट