शेक देणाऱ्या पोरांना आधी ऐकायला शिकवा

मा. संपादक, स. न. वि. वि.

मी नाशकात गेली १६ वर्षं रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटला आपल्याकडचे लोक ज्याला ‘शेक’ नाहीतर ‘लाईट’ म्हणतात ते देण्याचं काम. दरवर्षी आमच्याकडे नवीन मुलंमुली इंटर्न म्हणून येतात, यंदाचीही आलीत, आणि पहिल्या आठवड्यात जे बघितलं त्यावरून हे पत्र लिहायला बसले. मुलं हुशार आहेत, मशीनमधल्या कोबाल्टचं हाफ लाईफ (किरण निम्मे व्हायला लागणारा काळ) ५.२७ वर्षं, अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई, सगळं तोंडपाठ. पण परवा एका मुलाने सुरगाण्याहून आलेल्या आजींना टेबलावर झोपवलं, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवला, तो टेबलाला पक्का करणाऱ्या क्लिपा दाबल्या आणि पूर्ण वेळ त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. आजींचे हात थरथरत होते. ते त्याला दिसत होतं, पण अशा वेळी काय बोलायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, त्यामुळे दोष मी त्याला देत नाही, आम्हा शिकवणाऱ्यांना देते.

पेशंटशी बोलणं म्हणजे वेळ मिळाला तर करायची गोष्ट असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. आमच्या कामात पेशंटचं बोलणं ऐकणं हीच एक तपासणी आहे, सकाळी पेशंटची जागा जुळवायचा लेझर आणि दार उघडं असताना मशीन चालू न होऊ देणारा इंटरलॉक तपासतो तितकीच महत्त्वाची.

हे मी माझ्या अनुभवावरून सांगतेय. मी स्वतः ट्रेनी होते तेव्हा दुसऱ्या शहरातल्या एका हॉस्पिटलात सकाळच्या गर्दीत बाहेर नाव पुकारलं, एक मावशी उठून आल्या, मी विचारलं ‘तुम्ही अमुकच ना’ आणि त्यांनी मान हलवली. आत नेलं, झोपवलं, दुसऱ्याच बाईची फाईल समोर घेऊन मी डाव्या बाजूचा सेटअप करायला, म्हणजे शेकाची जागा जुळवायला लागले, त्यासाठी अंगावर काढलेल्या खुणा काही जुळेनात, मी तरी टेबल सरकवतेच आहे आणि तेवढ्यात मावशी हळूच म्हणाल्या, ‘बाळा, माझी गाठ तर या बाजूला होती ना.’ बीम, म्हणजे किरणांचा झोत, चालू झालेला नव्हता म्हणून निभावलं. पुढे आमचे सिनियर आत आले असते, इमेज काढली असती, चूक बहुतेक सापडलीही असती, पण त्या दिवशी ती कुठल्या मशीनने पकडली नाही, त्या बाईने पकडली. आणि त्या भिडस्त असत्या, गप्प बसल्या असत्या तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

म्हणून मी आता मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. ‘तुम्ही अमुकच ना’ असं विचारायचं नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, ‘तुमचं नाव काय’ असंच विचारायचं आणि त्यांना सांगू द्यायचं. त्यातही आपल्याकडची एक अडचण आहे जी पुस्तकात नसते. पेठ, कळवण, सटाणा भागातल्या जुन्या बायका पूर्ण नाव सांगताना नवऱ्याच्या नावाशी अडतात, लाजतात, नुसतं स्वतःचं नाव सांगून थांबतात, आणि एका नावाच्या दोन-तीन बायका वेटिंगमधे असतातच. तेव्हा गावाचं नाव विचारा, फाईल नंबर बघा, फोटोशी चेहरा जुळवा, आणि ‘शेक कुठे चालू आहे, हात लावून दाखवा’ म्हणा. अर्धं मिनिट जातं.

१९८६ च्या मार्चमधली अमेरिकेतली एक घटना आहे, टेक्सासमधल्या टायलर गावची, ती प्रत्येक ट्रेनीला सांगितलीच पाहिजे. थेरॅक-२५ नावाचं शेक देण्याचं मशीन होतं. ऑपरेटरने टाईप करताना झालेली चूक पटकन दुरुस्त केली आणि त्या घाईत सॉफ्टवेअरमधली एक लपलेली खोट उघडी पडली, १८० रॅड (रॅड म्हणजे किरणांच्या डोसचं जुनं माप) द्यायचे होते तिथे पेशंटला हजारो रॅड गेले. स्क्रीनवर आला फक्त ‘मालफंक्शन ५४’ असा मेसेज, असले मेसेज रोजच यायचे म्हणून ऑपरेटरने पुढे चालू ठेवायचं बटन दाबलं. आत तो माणूस पाठीत जोराचा करंट बसल्यासारखं होऊन उठायला बघत होता. त्याला दुसरा झटका बसला. शेवटी तो स्वतः दरवाजा बडवायला लागला तेव्हा बाहेर कळलं, कारण त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि इंटरकॉम बंद होता. काही महिन्यांनी तो गेला. १९८५ ते १९८७ मधे त्या मशीनने एकूण सहा जणांना असा जास्त डोस दिला. सॉफ्टवेअरवाले लोक यातून त्यांचा धडा घेतात, तो बरोबरच आहे, पण टेक्नॉलॉजिस्टने घ्यायचा धडा मला वेगळा दिसतो, आत माणूस ओरडत होता आणि बाहेर ऐकायला काही साधन नव्हतं. कॅमेरा किंवा इंटरकॉम बंद असेल तर पेशंट आत घ्यायचा नाही, मग बाहेर रांग कितीही असो, आणि कालच लागलेल्या इंटर्नलाही ‘थांबा’ म्हणायचा हक्क पाहिजे, त्याच्यावर कोणी आवाज चढवता कामा नये.

आता थोडं पेशंटच्या घरच्यांसाठी. शेक एकदम का देत नाहीत, रोज कशाला बोलावतात, हा प्रश्न मला दिवसातून दोनदा तरी ऐकू येतो. किरण पेशींच्या आतला डीएनए तोडतात, कॅन्सरच्या पेशींचा आणि आजूबाजूच्या चांगल्या पेशींचाही. चांगल्या पेशी पुढचा शेक येईपर्यंत बऱ्यापैकी दुरुस्ती करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही, या फरकावर सगळी ट्रीटमेंट उभी आहे. म्हणून तोंडाच्या कॅन्सरला रोज साधारण २ ग्रे (डोसचं आताचं माप, १ ग्रे म्हणजे १०० रॅड) असे सोमवार ते शुक्रवार सहा-सात आठवडे, मिळून ६० ते ७० ग्रे. ब्रेस्टला आता बऱ्याच पेशंटचं तीन आठवड्यात होतं. आणि मधे खाडे केले तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी परत वाढतात, तोंड-घशाच्या आजारात ट्रीटमेंट एक दिवस लांबली की आजार आटोक्यात यायची शक्यता साधारण एक टक्क्याने कमी होते. निफाडकडे द्राक्षाची तोडणी सुरू झाली की लोक तीन-तीन दिवस येत नाहीत, मला त्यांची अडचण कळते, पण हे त्यांना कोणी नीट समजावलेलंच नसतं. ते काम रोज भेटणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टनेच करायला हवं, डॉक्टर आठवड्यातून एकदा बघतात, आम्ही पाच वेळा. २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद असतील तेव्हा या पेशंटची ये-जा कशी होणार याचा विचारही आत्ताच व्हायला हवा.

अंगावरच्या खुणांचंही तसंच. बाहेरगावचे पेशंट नाशकात आले की रामकुंडावर आंघोळ करून येतात, दिवाळीत तेल-उटणं लावतात, आणि खुणा पुसट होतात. मग आमची मुलं त्यांच्यावर ओरडतात. ओरडलं की पुढच्या वेळी तो माणूस घरीच पेनने खूण गिरवून येतो आणि सांगत नाही, हे जास्त धोक्याचं आहे. खूण गेली तर गेली, सांगा, आम्ही फिजिसिस्टला, म्हणजे डोसचा हिशेब बघणाऱ्याला, बोलावून परत नीट घेऊ, असं पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगितलं तर कोणी लपवत नाही. पोटाच्या खालच्या भागाच्या शेकाला पोटातली लघवीची पिशवी (मूत्राशय) रोज सारखी भरलेली लागते, म्हणून ठराविक पाणी पिऊन थांबायला सांगतो. दोन तास एसटीत बसून आलेली बाई वाटेत पाणी कसं पिणार, ती भीतीने ‘हो प्यायले’ म्हणते. इथेही परत तेच, विचारणाऱ्याचा आवाज कसा आहे यावर खरं उत्तर मिळणं अवलंबून आहे.

आणि ती जी सगळ्यात मोठी भीती, की शेक घेणाऱ्याच्या अंगातून किरण बाहेर पडतात म्हणून नातवंडांना जवळ घ्यायचं नाही. बाहेरून दिलेल्या शेकाने असं काहीही होत नाही, मशीन बंद झालं की किरण संपले. मी आजोबांना घरात वेगळं ताट-वाटी दिलेली बघितली आहे, एका आजोबांनी दीड महिना नातीला उचललं नव्हतं. त्यांना हे पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं.

मुलांच्या स्वतःच्या सेफ्टीबद्दल फार लिहित नाही, ते बरं शिकवलं जातं, फक्त टीएलडी बॅज (आपल्या अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला) कन्सोलच्या, म्हणजे मशीन चालवायच्या टेबलाजवळच्या, खुंटीला लटकवून ठेवू नका, तो छातीवर पाहिजे, नाहीतर खुंटीचा डोस मोजला जातो, आणि दरवाजा बंद करायच्या आधी आत पेशंटशिवाय कोणी नाही हे स्वतः जाऊन डोळ्याने बघा.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कोर्समधे पेशंटशी बोलण्याचे तास प्रॅक्टिकल म्हणून धरावेत आणि त्याची परीक्षा घ्यावी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे, २०२१ च्या कायद्याने टेक्नॉलॉजिस्टसारख्यांसाठी राष्ट्रीय आयोगही झालाय, त्यांनी हे मनावर घ्यावं. परीक्षेत मास्क बसवायला लावा, पण आधी पेशंटला काय सांगितलं तेही ऐका: हा जाळीचा आहे, श्वास नीट घेता येतो, आम्ही स्क्रीनवर बघतोय, काहीही वाटलं तर हात वर करा, लगेच थांबवून आत येतो. मालेगाव-बागलाणकडचं कोणी असेल तर अहिराणीतलं एखादं ‘काय व्हयनं’ (काय झालं) पुरतं, माणूस खांदे सैल सोडतो आणि सेटअपही नीट बसतो.

सुरगाण्याच्या त्या आजींचे अजून अकरा शेक राहिलेत. तो मुलगा आता रोज त्यांचा हात धरून टेबलापर्यंत नेतो, काल त्याने मास्क लावायच्या आधी विचारलं तेव्हा आजींनी सांगितलं की जबड्याखाली दोन दिवसांपासून मास्क टोचतोय. आम्ही तपासलं, सूज आली होती, डॉक्टरांना बोलावलं, आणि आज परत नवीन मास्क आणि स्कॅन करून घेतोय.

आपली,
एक रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, नाशिक