स्विफ्टची चाकं: मिलिंदला पत्र

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,
स. न. वि. वि.

सतरा इंची अलॉयचा (मिश्रधातूच्या रिमचा) फोटो बघितला. देखणे आहेत, वादच नाही. तुझ्या जुन्या स्विफ्टवर चढले की अख्खी राजारामपुरी वळून बघेल. तरी घेऊ नकोस असंच मी म्हणणार आणि तू मधेच तोडणार, म्हणून फोन न करता लिहितोय.

चाकाची उंची बदलणार नाही म्हणाला, तो दुकानदार खोटं बोलला नाही. सध्याचा १८५/७० आर१४ टायर (१८५ मिमी रुंद, रबराची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १४ इंची) उभा सुमारे ६१५ मिमी भरतो, २०५/४५ आर१७ भरतो ६१६. स्पीडोमीटर चुकणार नाही. पण रिमपासून रस्त्यापर्यंत रबर किती उरतं बघ: आत्ता जवळपास १३० मिमी, मग ९२. खड्डा पचवायचं काम याच रबराचं. तू महिन्यातून दोनदा गगनबावड्यावरून मालवणला जाणारा माणूस. पावसाळ्यानंतर तिथे खड्ड्याची कड सरळ रिमवर बसणार. टायरला फुगा येईल, नाहीतर रिम वाकेल. शिवाय एवढं चाक बहुधा जडच असतं. स्प्रिंगखालचं वजन वाढलं की खडबडीत रस्त्यावर चाक नीट टेकत नाही, आणि पिकअपही मरतो. इंजिनावर ओतलेले पैसे मग कशाला ओतलेस?

रुंदीपेक्षा मला भीती ऑफसेटची, म्हणजे रिमचा मध्य आणि गाडीला टेकणारा भाग यांतल्या अंतराची (मिमीत; ते कमी झालं की चाक बाहेर येतं). हल्लीचा रिम ५.५ इंची, ऑफसेट ४५ धरू. तुझा नवा ७ इंची, ऑफसेट ३५. हिशेब मांडला तर चाक बाहेर २९ मिमी आणि आत ९ मिमी सरकतं. म्हणजे मागे तिघं बसले की मडगार्डची कड टायर कापणार, स्टेअरिंग जड होणार, बेअरिंगवरही ताण. स्पेसरचं (चाक बाहेर सरकवायला मागे घालतात त्या चकतीचं) तर नावही काढू नकोस.

माझं मत: १५ इंची, ६.५ रुंद, ऑफसेट ४० च्या आसपास, त्यावर १९५/६०. उंची तीच ६१५, रबर ११७ मिमी. लोड इंडेक्स मात्र ८८ बघून घे, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलेल. १९५/५५ दिसायला जास्त झकास (मलाही तोच आवडतो), पण गाडी सेंटीमीटरभर खाली बसेल आणि काटा तीनेक टक्के जास्त दाखवेल. वाचलेल्या पैशात टायर चांगला घे. ओल्या घाटात रुंदीपेक्षा रबराची जात कामाला येते. रुंद टायर उलट साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो.

त्या सेकंडहँड होंडा सिटीच्या अलॉयबद्दल विचारलंस. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांची मांडणी, दोन्हीकडे ४ बाय १०० (चार भोकं, १०० मिमीच्या वर्तुळावर), त्यामुळे चाक बसतं आणि माणूस फसतो. होंडाचं मधलं भोक ५६.१ मिमी, स्विफ्टचा हब (ज्यावर चाक बसतं तो मधला गोल) ५४.१; मधे रिंग नसेल तर स्टेअरिंग थरथरतं. त्याहून वाईट म्हणजे होंडाच्या मूळ रिमला नटाची बैठक गोल लागते, बाजारातले अलॉयचे नट शंकूच्या तोंडाचे. तसे आवळले तर कडेवर टेकतात आणि चालता चालता सैल होतात. होंडाचे नट तुझ्या स्टडवर (चाक धरणाऱ्या बोल्टवर) चढणारच नाहीत, आटे वेगळे. गोल बैठकीचे, १.२५ मिमी आट्यांचे नट मिळाले तरच पुढे बोलू.

आधी एकच चाक लावून बघ. मागे तिघांना बसव, स्टेअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरव, एखाद्या स्पीडब्रेकरवरून ने. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदल. विमा कंपनीलाही कळवून ठेव.

रिमच्या मागच्या बाजूला कोरलेल्या आकड्यांचा फोटो पाठव, पैसे त्यानंतर दे. काकूंना नमस्कार.

तुझा,
सचिन