पिवळ्या 'नीळ'चं नाव : बापूंना जाहीर पत्र

आदरणीय बापू,
सा. न. वि. वि.

परवा रविवारी सकाळी वेलाला पहिलं फूल आलं. उमललं आणि लगेच मान खाली घालून बसलं. मी हातातला तांब्या तसाच ठेवला आणि तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही म्हणालात, "मग झालं की. आता लावा नाव." आणि फोन ठेवलात. आभार मानायचे राहिले ते राहिलेच, म्हणून हे पत्र. नावगाव छापायचं नाही ही तुमची ताकीद ध्यानात आहे ("लोक फुकट काड्या मागाया येत्यात"), त्यामुळे नुसतं बापू. नातू वाचून दाखवेलच.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. बापू म्हणजे गुलाबाची कलमं करणारे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या मागच्या चौकात आजीने लावलेला एक वेली गुलाब होता. गॅलरीच्या कठड्यावरून वर जाऊन दुसऱ्या मजल्याच्या पन्हाळीपर्यंत पोचलेला. फुलं पिवळी, हाताच्या ओंजळीत एकच मावेल एवढी भरगच्च. आजी त्याला 'मार्शल नीळ' म्हणायची. पिवळ्या फुलाला निळीचं नाव का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "साहेबांनी ठेवलंय, साहेबांना विचार." आमच्या थोरल्या काकांचा सिद्धांत असा, की फुलं मुळात निळीच होती, पुण्याच्या पाण्याने पिवळी पडली. घरातली अर्धी मंडळी हे खरं मानून चालत होती. (गुलाबाच्या जातीत निळा रंग तयार करणारं द्रव्यच नसतं, हे मला फार उशिरा कळलं.)

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा वेल वाचवायची धडपड सुरू झाली. एका रोपवाटिकेत फोटो दाखवला. "हाच तो" म्हणून त्यांनी रोप दिलं. वर्षभराने फुललं ते पिवळंच, पण पाकळ्या मोजक्या, सैल, आणि फूल ताठ मानेने सरळ समोर बघणारं. दरम्यान एका माळीदादांनी दसऱ्यानंतर बाकीच्या गुलाबांबरोबर आजीच्या वेलालाही गुडघ्याइतका छाटून टाकला. त्या हंगामात एक कळी धरली नाही. अशा वेळी तुम्ही आलात, जानेवारीत, बसने, धडप्यात गुंडाळलेला चाकू घेऊन.

त्या दिवशीचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी नाव विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "फूल बघितल्याबिगर नाव सांगत न्हाई." आम्ही सगळे वर्णन करायला लागलो. काकू म्हणाल्या वास येत नाही, आत्या म्हणाली घमघमाट येतो, मी म्हटलं चहाची पुडी उघडल्यासारखा येतो. मान पडते का, यावर एकमत होतं, पण सगळ्यांच्या मते ती पाणी कमी पडल्याने पडायची. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "आजी म्हणत्यात तो असंल. पानी पाजूनबी मान खाली घातली, तर तोच." ज्या बाजारात प्रत्येक पिवळ्या गुलाबाला खात्रीचं नाव चिकटवून मिळतं, तिथे 'असंल' म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

विकत आणलेल्या रोपाकडे मात्र तुम्ही एकदाच बघितलंत : "हा गोल्डन शॉवर्स. चांगला हाय, पन तुमचा न्हवं." नंतर मी वाचून काढलं. गोल्डन शॉवर्स 1956 चा, अमेरिकेतल्या वॉल्टर लॅमर्ट्सने काढलेला. फांद्यांना काटे कमी, बहर पुन्हा पुन्हा. सोसायटीच्या कमानीवर घालायला उत्तम आणि निगा कमी. त्याच्याशी माझं काही वैर नाही. आजीचा नव्हता, इतकंच.

मग आजीच्या 'नीळ'च्या मागे लागले. बापू, ती नीळ नव्हेच, ते आडनाव आहे. अदोल्फ निएल नावाचा फ्रेंच सेनापती होता. सोल्फेरिनोच्या लढाईनंतर, 1859 मध्ये, तो मार्शल झाला. पुढे 1867 मध्ये युद्धमंत्री झाला आणि दोनच वर्षांत वारला. दक्षिण फ्रान्समधल्या मोंतोबाँ गावच्या प्रादेल या बागवानाने 1864 मध्ये हा गुलाब बाजारात आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'मारेशाल निएल'. निएलचं जन्मगाव म्युरे तिथून फार लांब नाही. माझा अंदाज असा, की आपल्या मुलखातला माणूस मार्शल झाला याचं कौतुक बागवानाने गुलाबावर काढलं. रणांगणावरून रोप आलं आणि सम्राज्ञीने बारसं केलं, अशीही एक गोष्ट सांगतात. ती ऐकायला गोड आहे, पण मला बागवानच पटतो. इंग्रजांच्या तोंडी 'मारेशाल'चं 'मार्शल' झालं, आणि 'नील'ची 'नीळ' करायचं पुण्य आजीच्या खात्यावर.

त्याचा पिवळा रंग कुठून आला हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. युरोपातल्या जुन्या बागांमध्ये असा गुलाब नव्हताच. 1824 मध्ये पार्क्स नावाच्या माणसाने चीनमधून इंग्लंडला फिकट पिवळा, चहाच्या वासाचा गुलाब नेला. तिकडे अमेरिकेत चार्ल्स्टनला कस्तुरी गुलाब आणि चिनी गुलाब यांच्या संकरातून नॉइझेट नावाची वेली जात निघाली होती. या दोन घराण्यांची सोयरीक झाली आणि पुढच्या पिढ्यांत पिवळे वेल आले. चहावाल्या घराण्याच्या मुळाशी 'रोझा जायगँशिया' नावाचा रानगुलाब आहे, आणि तो आपल्या मणिपूरच्या डोंगरांत 1882 मध्ये जॉर्ज वॉटला सापडला होता. म्हणजे वेल साहेबाचा असला तरी त्याचं आजोळ आपल्या बाजूचंच. थंडी त्याला सोसत नाही, म्हणून इंग्लंडात तो काचघरात वाढवायचे. आमच्याकडे चौकातल्या फरशीच्या फटीत वाढला.

आता तुमच्या हाताबद्दल. त्या दिवशी तुम्ही आजीच्या वेलाचे अकरा डोळे (फांदीवरचे कोंब) काढलेत आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे ब्रायरच्या, म्हणजे जंगली गुलाबाच्या, खुंटांवर भरलेत. मी बघायला आले होते. सालीवर इंग्रजी टी सारखा काप, टोकाने साल उचलायची, डोळा आत सरकवायचा, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. एका डोळ्याला तुम्हाला दोन मिनिटंही लागत नव्हती, बोलणं चालूच. डोळ्याला पानाच्या देठाचा तुकडा का ठेवता, असं विचारलं तर म्हणालात, "तोच पोस्टमन हाय." तीन आठवड्यांनी बोट लावलं की देठ अलगद गळून पडला तर डोळा लागला, वाळून चिकटून बसला तर गेला. अकरापैकी चार देठ गळून पडले. दोन रोपं मला, एक कोथरूडच्या आत्तेबहिणीला, चौथं तुम्ही ठेवून घेतलंत. "ही माझी मजुरी," म्हणालात आणि वर फक्त बसभाडं घेतलंत. या हिशेबाबद्दल तर मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. फुकट दिलं असतंत तर मला अवघडल्यासारखं झालं असतं, आणि आता अजून एका ठिकाणी वेल आहे ही माझीच विम्याची सोय झाली.

पावसाळ्याआधी वाडा पडला. मी बघायला गेले नाही.

वेल आता भाड्याच्या फ्लॅटच्या गच्चीवर आहे, अर्ध्या ड्रममध्ये. तुमच्या सूचना तंतोतंत पाळल्या. ऑक्टोबरात सगळी इमारत कात्री घेऊन गच्चीवर आली तरी माझ्या वेलाला हात लावू दिला नाही, फक्त वाळलेल्या काड्या काढल्या. लांब फांद्या सरळ वर न नेता आडव्या वाकवून बांधल्या. तुम्ही म्हणाला होतात, उभी फांदी शेंड्याला फुलते, आडवी केली की पेरापेराला फुटते. फुटली खरी : एका फांदीला सात फुटवे. आजीने हे कुणाकडून ऐकलं नसणार, पण तिचा वेल कठड्यावर आडवा पसरला होता म्हणूनच तसा लगडायचा.

आणि मानेचं. आम्ही इतकी वर्षं ती उणीव समजत होतो. एवढं जड फूल, खालचा देठ बारीक, त्याला ओझं पेलत नाही, साधी गोष्ट. फुलदाणीसाठी हा गुलाब कामाचा नाही हे कबूल. पण आजीची बाज चौकात वेलाखालीच असायची. आडवं पडून वर पाहिलं की सगळी फुलं तिच्याकडे बघत असणार. मी फांद्या कमरेएवढ्या कठड्याला बांधल्या होत्या, त्यामुळे रविवारी फुलाचं तोंड बघायला मला फरशीवर बसावं लागलं. सोमवारी गच्चीच्या दारावर तार ओढली आणि दोन फांद्या वर घेतल्या.

एक विचारायचं राहिलं. बुंध्यापाशी एक जोमदार फूट आली आहे. शेजारच्या काकांनी पानं मोजली आणि सात पानं म्हणजे जंगली असा निकाल दिला. तुम्ही सांगितलं होतंत, पानं मोजू नका, फूट डोळ्याच्या वरून निघाली की खालून ते बघा. माती उकरून बघितली, खालून निघाली आहे. मुळापासून ओढून काढायची की चाकूने कापायची, तेवढं कळवा. तोवर हात लावत नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
'नीळ'वाल्या आजींची नात
पुणे