डॉक्टरांना पैसे कशाचे मिळतात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अनावश्यक तपासण्या व शस्त्रक्रियांचा विषय निघाला की चर्चा डॉक्टरांच्या नीतिमत्तेवर येऊन थांबते. तो प्रश्न आहेच. परंतु सचोटीने काम करणाऱ्या डॉक्टरच्या निर्णयांनाही त्याच्या मोबदल्याच्या पद्धतीमुळे नकळत वळण लागते, याकडे फारसे कोणी पाहत नाही.

समजा, दोन आठवडे कंबर दुखते म्हणून एक रुग्ण आला आहे. पायातली ताकद शाबूत आहे, ताप नाही, वजन घटलेले नाही, लघवीवरचा ताबा सुटलेला नाही. अशा वेळी लगेच एमआरआय काढण्याची सहसा गरज नसते. मात्र हे रुग्णाच्या गळी उतरवायचे, त्याची भीती घालवायची आणि हालचाल कशी सुरू ठेवायची हे समजावायचे, तर पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. एमआरआयची चिठ्ठी अर्ध्या मिनिटात लिहून होते. प्रत्येक सेवेचे वेगळे शुल्क असेल, तर त्या पंधरा मिनिटांना किंमत नाही आणि चिठ्ठीला आहे. नोंदणीकृत रुग्णामागे दरडोई ठरावीक रक्कम मिळत असेल, तर चिठ्ठीचा मोह कमी होतो, पण किचकट आजाराचा रुग्ण तोट्याचा ठरून त्याला तज्ज्ञाकडे धाडण्याची घाई होऊ शकते. निव्वळ पगार असेल, तर जास्तीचा एक रुग्ण तपासून हाती काही पडत नाही, आणि रांग लांबत जाते.

अमेरिकेत मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने १९८३ पासून रुग्णालयांना आजाराच्या गटानुसार ठोक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा रुग्णांचा मुक्काम कमी झाला. वाचलेला प्रत्येक दिवस रुग्णालयाच्या फायद्याचा होता, त्यामुळे पुरते बरे होण्याआधीच रुग्ण घरी धाडले जातात अशी टीकाही झाली. ब्रिटनने २००४ मध्ये निराळा मार्ग धरला: रक्तदाब, मधुमेह अशा आजारांसाठी ठरवलेली उद्दिष्टे गाठली की कुटुंब-डॉक्टरांना गुण आणि गुणांप्रमाणे पैसे. पहिल्याच वर्षी इंग्लंडमधील दवाखान्यांनी सरासरी नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळवले. पुढे अभ्यासकांना आढळले की ज्यांना गुण नव्हते अशा काही बाबींतील दर्जा घसरला आणि नेहमीचाच डॉक्टर भेटण्याचे सातत्यही कमी झाले. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ही योजना गुंडाळली. मोजता येते त्याचे पैसे मिळू लागले की न मोजता येणारे मागे पडते. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेणे आणि विचारपूर्वक काही न करणे, या दोन गोष्टी तर कोणत्याच दरपत्रकात नीट बसत नाहीत.

निर्दोष पद्धत कोणतीच नाही, म्हणून एकाच पद्धतीवर विसंबू नये. मूळ पाया म्हणून पगार किंवा दरडोई रक्कम, सविस्तर सल्लामसलतीच्या वेळेचे स्वतंत्र शुल्क आणि उद्दिष्टपूर्तीला अगदी लहान वाटा, अशी मिश्र रचना मला अधिक सुरक्षित वाटते. मात्र पगारी म्हणवल्या जाणाऱ्या डॉक्टरच्या पगाराचा काही भाग तपासण्यांच्या, भरतीच्या वा शस्त्रक्रियांच्या संख्येवर अवलंबून असेल, तर तो पगार नावापुरताच उरतो. निदान असा संबंध रुग्णापासून लपवण्यास मनाई असावी. दर्शनी फलकावर तपासणी शुल्क लिहायला लावता येते, तर तपासणाऱ्याला कशाचे पैसे मिळतात ही एक ओळही त्याखाली लिहायला लावता येईल.

आपला,
एक वाचक